शाळेजवळची टपरी

२००९ साली भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या दर शंभर शाळकरी मुलांमागे जवळपास १५ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. २०१९च्या पाहणीत हे प्रमाण साडेआठ टक्क्यांवर आलं. सिगारेट ओढणारे तर शंभरात तिघांहूनही कमी. समाधान वाटतं, पण पूर्ण नाही. कारण सिगारेट ओढणाऱ्या या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी पहिला झुरका दहावा वाढदिवस येण्याआधीच घेतला होता. दहावा! म्हणजे चौथीतलं पोर. २००३च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, अठराच्या आतल्यांना तर कुठंच विकता येत नाही. तुमच्या मुलांच्या शाळेजवळ तंबाखू विकणारी टपरी दिसली, तर मुख्याध्यापकांना आजच सांगा.