पूर ओसरला, पण परत कोण आलें?

(तरुण मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



पुरापुढें सगळे सारखे, असें आपण नेहमीं ऐकतों. पाणी राव-रंक पाहत नाहीं, हें खरें. पण चिखल उपसण्याची वेळ आली म्हणजे राव कोण व रंक कोण तें बरोबर कळतें. याचा दाखला म्हणून आज आम्ही अमेरिकेंतील एका लहानशा डोंगरी गांवाची हकिकत सांगणार आहोंत.

कोलोरॅडो प्रांतांत रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं लायन्स नांवाचें गांव आहे. वस्ती अवघी दोन हजारांची. तांबड्या दगडाच्या खाणींबद्दल तें प्रसिद्ध. बोल्डरच्या विद्यापीठाच्या इमारतींना तोच दगड लागला आहे. सेंट व्रेन नदीचे दोन फांटे डोंगर उतरून गांवांतच एकमेकांस मिळतात. 2013 सालच्या सप्टेंबरांत तेथें पावसानें ठाण मांडलें. शेजारच्या बोल्डर शहरांत वर्षाकांठीं सुमारें 20 इंच पाऊस पडतो. तेथें आठवड्यांत 17 इंच पडला. आमचा कोंकणी माणूस या आंकड्याला हंसेल! पण ज्या डोंगरास एवढ्या पाण्याची संवयच नाहीं, त्यानें तें धरावें कसें? नदीनें पात्र सोडलें, पूल वाहून गेले, रस्ते तुटले आणि गांवाचीं सहा बेटें झालीं. पिण्याचे नळ फुटले, मैल्याचे फुटले, वीज गेली. अखेर गांव खालीं करावें लागलें व आठवडेच्या आठवडे तें ओस पडलें. मुलांची शाळा लाँगमाँट शहरांत भरूं लागली, ती डिसेंबरांत गांवीं परत आली.

येथवर सर्वांचें दुःख एक. पुढें वाटा फुटल्या.

पुराच्या तोंडीं असलेलीं कांहीं घरें सरकारी मदतींतून विकत घेण्यांत आलीं. अट एवढीच कीं, त्या जागेवर पुन्हां घर बांधावयाचें नाहीं. अट शहाणपणाची आहे, आणि ज्याच्या नांवावर जमीन होती त्याच्या हातीं कांहीं तरी पडलें. पण नदीकांठीं फिरत्या घरांच्या दोन वस्त्या होत्या. बेताच्या मिळकतीचीं माणसें तेथें राहत. तेथला रिवाज असा कीं, घर राहणाराचें, जागा मालकाची, आणि जागेचें भाडें दर महिन्याला मोजावयाचें. आपल्याकडे दुसऱ्याच्या जागेंत खोपट घालून राहणाराला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुरानें घर नेलें. उरली ती जमीन, आणि ती तर मालकाची! पुढें त्यांतील एका जागीं लग्नसमारंभांचें ठिकाण झालें व पाहुण्यांसाठीं चिमुकलीं घरें आलीं. जुने राहणारे मात्र भाडें परवडेल तेथें पांगले.

मग सार्वजनिक उद्यानाच्या कांहीं भागावर स्वस्त घरें बांधावीं अशी योजना निघाली. मार्च 2015 मध्यें गांवानें मतदान केलें व ती फेटाळली. विरोध करणाऱ्यांना दुष्ट म्हणणें सोपें आहे. आम्ही म्हणणार नाहीं. उद्यान सर्वांचें असतें, एकदां गेलें कीं गेलें, हें म्हणणें खोटें नाहीं. पण ज्यांना त्या घरांची गरज होती त्यांतले पुष्कळ तोंवर गांवाबाहेर विखुरले होते, आणि दूर गेलेल्या शेजाऱ्यापेक्षां डोळ्यांसमोरची हिरवळ माणसास जवळची वाटते.

परवडणारीं भाड्याचीं घरें गांवांत अखेर दुसऱ्या जागीं झालीं. त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागला. उद्यान, पूल, नळ त्याच्या पुष्कळ आधीं दुरुस्त झाले होते. पुराच्या वेळीं पहिलींत असलेलें पांगलेल्या घरचें मूल तोंवर परक्या गांवच्या शाळेंत मोठें झालें होतें, त्याला आतां "तुझें गांव कोणतें?" असें विचारलें तर तें कोणतें नांव सांगेल?