दोन गुंडाळ्यांची जोड



लग्नसराई आली, गणपती बसले, की वाशीम, रिसोड, कारंजा, मानोरा अशा आपल्या भागात मांडवामांडवांतून ध्वनिवर्धक लागतात. कुणी विजेवरची गिटार घेऊन बसतो, कुणी बँजो. मुलाचा हात तयार असतो. पण तार छेडण्याआधीच कर्ण्यातून ‘घुंऽऽ’ अशी गुणगुण सुरू होते. तार छेडली तर सूर निघतो तोही पातळ, चिरका. मग घरची मंडळी म्हणतात, वाद्यच हलके दिसते, दुसरे घ्या. थांबा! वाद्यात दोन पिकअप असतील, तर पुष्कळदा नुसती जोडणी बदलून काम भागते. ते कसे, हे आज आपण पाहू.

आपण ज्याला बँजो म्हणतो, ते कळा दाबून वाजवायचे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी. तिकडे १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य बनविले, त्याचाच हा भाऊबंद. विजेवरची गिटार असो की बँजो, तारांखालचा चुंबकी पिकअप एकाच तत्त्वावर चालतो. लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि गुंडाळीत वीज उपजते. १८३१ साली फॅरडे यांनी दाखविलेला हा नियम शाळेतल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाला ठाऊक आहे.

मग गुणगुण कुठून येते? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. दिव्याची तार, पंखा, ट्रान्सफॉर्मर यांच्याभोवती तिचे क्षेत्र पसरलेले असते. गुंडाळी तेही पकडते. सूर आणि गुणगुण अशा एकाच दाराने आत येतात. पण दोघांत एक फरक आहे, आणि सगळी युक्ती त्या फरकात आहे. सूर चुंबकाच्या वाटेने येतो; गुणगुण चुंबकाला विचारीत नाही.

अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी हाच फरक धरून १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या. दुसरीचा चुंबक उलटा केला, आणि तिचे वेढेही उलटे धरले. आता हिशेब करा. चुंबक उलटला, सूर उलटला. वेढे उलटले, सूर पुन्हा उलटला. दोनदा उलटला म्हणजे सुलट झाला. पण गुणगुण वेढ्यांमुळे एकदाच उलटली. दोन्ही गुंडाळ्या जोडल्या की सुरात सूर मिळतो आणि गुणगुणीला गुणगुण खाऊन टाकते. या पिकअपला ‘हमबकर’ म्हणतात.

आपल्या वाद्यात एकेरी गुंडाळीचे दोन पिकअप असले तर त्यांची अशीच जोड लावता येते. जोडणी एकसर हवी. विजेरीत दोन सेल एकापुढे एक घालता, तशीच. पहिल्या पिकअपची सुराची तार बाहेर जाते. त्याची अर्थची तार दुसऱ्याच्या सुराच्या तारेला मिळते. आणि दुसऱ्याची अर्थची तार जमिनीला जाते. एकेक गुंडाळी ६ हजार ओहमची असेल, तर मीटर आता १२ हजारांच्या आसपास दाखवील. समांतर जोडल्या असत्या तर ३ हजार दाखविले असते.

एकसर जोडणीने आवाज मोठा होतो, तसाच जाडही होतो. गुंडाळीचा स्वभाव असा, की भराभर बदलणाऱ्या विजेला ती अधिक अडविते. दोन गुंडाळ्या एकापुढे एक आल्या की वरचा चिरका भाग मागे पडतो आणि मधला, खालचा सूर भरून येतो.

जोडण्यापूर्वी दोन परीक्षा घ्या. पहिली होकायंत्राची. एका पिकअपवर सुईचे उत्तर टोक ओढले गेले आणि दुसऱ्यावर दक्षिण टोक, तर चुंबक उलटसुलट आहेत; हवे तसेच. दुसरी परीक्षा काट्याच्या मीटरची. प्रत्येक गुंडाळीच्या दोन टोकांना मीटर लावून पिकअपवर लोखंडी पेचकस टेकवा. दोन्ही वेळा काटा एकाच बाजूला हलला तर सूर जुळेल. उलट हलला तर दुसऱ्या गुंडाळीच्या दोन तारांची अदलाबदल करा. विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारा बदलल्या की ती उलट फिरते, हे शेतकरी बंधूंना सांगायला नकोच.

दोन्ही चुंबक सारखेच निघाले तर आवाज जाड होईल, पण गुणगुण जाणार नाही. तीच घालवायला तारा उलटल्या, तर सूरच एकमेकांना खातील आणि आवाज नाकातला येईल. चुंबकाच्या कांड्यांवरच तार गुंडाळलेली असेल, तर कांड्या ठोकून काढू नका. बारीक तार तुटते. आणखी एक. पिकअपवरचे धातूचे झाकण बहुधा त्याच्याच अर्थच्या तारेला जोडलेले असते. ती तार दुसऱ्या पिकअपकडे वळविण्यापूर्वी झाकण वेगळे करून त्याला स्वतंत्र अर्थ द्या. नाहीतर झाकणाला बोट लागताच कर्णा ओरडेल.

ही जोड हुबेहूब हमबकर होत नाही. पिकअप एकमेकांपासून दूर असतात आणि तारेच्या दोन वेगळ्या जागांचा आवाज घेतात. म्हणून एक बटण ठेवावे. हवा तेव्हा जाड आवाज, नको तेव्हा मूळचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गुणगुण घालविण्यासाठी काही जण ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. कृपा करून असे कधीही करू नका. वाद्याच्या तारा त्या अर्थलाच जोडलेल्या असतात. पेटीत बिघाड झाला तर वीज थेट वादकाच्या बोटांत येते, आणि ओठांपाशी माईक असला तर अंगातून आरपार जाते. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माईकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. गुणगुणीने कान किटतात. अर्थ नसेल तर माणूस जातो. मांडव घालताना गणेशमूर्तीइतकीच काळजी अर्थच्या तारेची घ्या, आणि डाग देण्यापूर्वी वाद्य ॲम्प्लिफायरपासून सोडवा.

शिक्षक मित्रहो, एक जुना पिकअप, होकायंत्र आणि काट्याचा मीटर एवढ्यावर फॅरडेंचा धडा वर्गात डोळ्यांनी दिसेल. मुले तो विसरणार नाहीत. आणि गावात ज्याच्या हातात सूर आहे, त्याला नवे वाद्य घेण्याआधी जुन्याचे पोट एकदा उघडून पाहायला सांगा.