विद्यार्थी-मंडळांची दप्तरे

सन १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा काढिली. निबंध वाचावे, चर्चा करावी, एवढाच मूळ बेत. परंतु पुढच्याच वर्षी ह्या तरुण मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी त्यांपैकीच एक. हे आज नेमके सांगता येते, ह्याचे कारण त्या सभेने आपले कामकाज लिहून ठेविले व अहवाल छापिले.

मोठ्या शहरातील सभेस छापखाना जवळ होता. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरातच्या सीमेजवळचे गाव. तेथेही आता महाविद्यालय आहे. पंचक्रोशीत वारली, कोकणा, महादेव कोळी ह्यांची वस्ती. ह्या मुलखात बोहाडा होतो. देवदानवांचे मुखवटे चढवून सोंगे संबळाच्या तालावर नाचतात, आणि कोणते सोंग कोणी घ्यावयाचे हे कित्येक गावी घराण्यावरून ठरलेले असते. हा सारा क्रम बहुधा वडीलधाऱ्यांच्या स्मरणातच असतो. अशा ठिकाणी स्नेहसंमेलनात एखादी मुलगी आजीच्या तोंडचे लग्नगीत म्हणते, तेव्हा चिटणिसाच्या वहीत उतरलेली त्याची नक्कल ही कदाचित पहिलीच नक्कल असेल !

पण चिटणीस वर्षाचा पाहुणा. तो परीक्षा देऊन गेला की वही त्याच्या घरी, नाहीतर रद्दीत. फीच्या पावत्या मात्र हिशेबतपासनीस येणार म्हणून जपल्या जातात. गीताला तपासनीस नाही. मोबाइलमध्ये टिपलेले गाणेही मोबाइल बदलला की बहुधा गेलेच.

उपाय खर्चाचा नाही. वर्षाअखेर सर्व वह्या, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे ग्रंथपालाच्या स्वाधीन करून सही घ्यावी. घाटमाथ्याच्या पावसात टाचण्या गंजून कागद खातात, म्हणून त्या काढून सुती दोरा बांधावा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, कापडात हवा खेळते. गठ्ठे भिंतीस टेकवून ठेवू नयेत. छायाचित्रांच्या पाठीवर नावे मऊ पेन्सिलीने लिहावी. शाई पुढे उमटते. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी असाव्यात.

आणि ज्या आजीचे गीत, तिची अनुमती घेऊन तिचे नाव व गाव त्याच कागदावर लिहावे. गाणाऱ्या मुलीला ते आज विचारता येते.