संध्याकाळी सातनंतरचे शहर



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. अधिवेशन रविवारी ठेवलेत याचे मात्र वेगळे आभार मानते. कामाच्या वारी ठेवले असते तरी सभागृह भरले असते. फक्त ज्यांच्याविषयी आपण बोलणार, त्यांच्यापैकी कुणी आले नसते. आज मागच्या रांगांत नोकरदार आई-वडील दिसत आहेत, काहींच्या मांडीवर लेकरे आहेत. त्यांची चुळबुळ सुरू झाली की भाषण लांबले असे समजेन.

योजना, निधी, रिक्त पदे यांवर इतर सत्रांत बोलणे होईलच. मी एकच मुद्दा घेऊन आले आहे, तो वेळेचा. मिरा-भाईंदरमध्ये कुटुंबाला आणि तरुण मुलांना आधार देणाऱ्या बहुतेक सेवा ज्या तासांत उघड्या असतात, त्या तासांत हे शहर घरी नसते.

हे शहर कसे झाले ते आठवून पाहा. भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मिरे, काशी, घोडबंदर, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन, चौक, पाली ही गावे. भातशेती, मिठागरे, मासेमारी. 1985 साली नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महापालिका. 1991 च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसे होती, 2001 मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात, 2011 मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचार पट. मुंबईत घर परवडेना म्हणून दहिसरचा नाका ओलांडून आलेली ही माणसे. घर इकडे आले, पण नोकरी अंधेरीत, परळला, चर्चगेटलाच राहिली. या शहराची बेरीज-वजाबाकी रोज दोनदा होते: सकाळी मिरा रोड आणि भाईंदर स्टेशनांवर शहर रिकामे होते, रात्री पुन्हा भरते.

आता आपल्या वेळापत्रकाकडे पाहू. अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारी उठते. लसीकरणाचे सत्र सकाळचे. किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक, बाह्यरुग्ण विभाग, समुपदेशकाची भेट, दाखल्यासाठी सही हे सारे कचेरीच्या तासांत. ज्या आईला मुलाच्या वजनाविषयी सांगायचे, ती तेव्हा विरारच्या गाडीत तरी असते नाहीतर कुणाच्या तरी हिशेबाच्या वह्यांपुढे. मग आपण नोंदवहीत लिहितो: पालक प्रतिसाद देत नाहीत. हे वाक्य मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना इतक्या नोंदवह्यांत वाचले आहे की त्याचा शिक्का करून घेतला असता तर शाई वाचली असती.

2013 साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले, तेव्हा साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र असा हिशेब धरला गेला. संध्याकाळच्या बाह्यरुग्ण विभागाचा विचार त्या आराखड्यातच होता. पुढे 'आपला दवाखाना' ही कल्पना दुपारी आणि रात्री उघडे राहण्याच्या वचनावरच उभी राहिली. म्हणजे गरज शासनाच्या ध्यानात आलेली नाही असे नाही. पण दवाखान्यात संध्याकाळी मिळतात ताप-खोकल्याच्या गोळ्या. नववीतला मुलगा दोन महिने रात्रभर जागतो, शाळेत झोपतो, बोलेनासा झाला आहे, हे सांगायला त्याच्या बापाने कुठे जायचे? तो घरी पोचतो साडेआठला. तोवर बोलायला बसण्याच्या सगळ्या जागा बंद झालेल्या असतात. उघडी असतात ती मेडिकलची दुकाने आणि बार.

दुसरी अडचण दाराची. नागरी आरोग्याची आखणी मुख्यतः झोपडपट्टी डोळ्यांपुढे ठेवून झाली आणि ते योग्यच होते. पण मिरा रोडच्या टॉवरांत आणि भाईंदर पूर्वेच्या जुन्या चार मजली सोसायट्यांत राहणारी कुटुंबे कागदावर सुस्थितीत असतात. वन रूम किचनमध्ये सहा माणसे, फ्लॅटचा हप्ता, मुलांच्या इंग्रजी शाळेची फी, गावाकडे पाठवायचे पैसे. आशाताई गेटवर पोचली की वॉचमन विचारतो, कुठल्या मजल्यावर, कोणाकडे? नाव ठाऊक असते तर तिला सर्वेक्षण कशाला करावे लागले असते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जातात. गल्लीतल्या खासगी नर्सरीत जाणारे, तीन वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल त्या चाळणीत येतच नाही. आले आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली, तर घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून ठाणे गाठायचे. एका खेपेला एक खाडा. रोजंदारीवरचा माणूस किती खाडे करील? चिठ्ठी कपाटात राहते आणि मूल पाच वर्षांचे होते.

पाळणाघराची गोष्ट तर अशी आहे की कायदा करणाऱ्यांनी लोकल पाहिलीच नसावी. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, असे ठरले. चांगली तरतूद. पण मिरा रोडची कोणती आई आठ महिन्यांचे बाळ घेऊन सकाळी आठ वाजताच्या गाडीत चढणार आहे? इथल्या आईला पाळणाघर हवे ते घराजवळ, नाहीतर स्टेशनजवळ. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. ती या शहरात प्राधान्याने मागितली पाहिजे, आणि मागताना पाळणाघर बंद होण्याची वेळ गाडीच्या वेळेवरून ठरवली पाहिजे. रेल्वेला हे आपल्या आधी उमगले. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने केवळ महिलांसाठीची पहिली लोकल सोडली, ती कार्यालये सुटण्याची वेळ धरूनच.

आता तरुण मुलांकडे येते, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. दुपारी एक ते रात्री नऊ, या आठ तासांत या शहरातली हजारो मुले घरात एकटी असतात किंवा क्लासच्या जिन्यात, टर्फच्या जाळीबाहेर, मॉलच्या पायऱ्यांवर असतात. बहुतेक मुले त्यातून नीट मोठी होतात; मुलांविषयी सतत धोक्याच्या घंटा वाजवणे मला पटत नाही. पण ज्या थोड्यांचे बिनसते त्यांचे याच तासांत बिनसते. गुटखा, मग गोळ्या, मग एमडीसारखे अमली पदार्थ. ऑनलाइन जुगारात हरलेले बापाचे पैसे. नात्यातला ताण, आणि आपण कुणाला सांगितले तर घरी कळेल ही धास्ती. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 च्या जानेवारीत सुरू झाला. दहा ते एकोणीस या वयाच्या मुलांचे पोषण, लैंगिक आरोग्य, मन, व्यसन, हिंसा, सगळे त्यात आहे. कागद म्हणून उत्तम. पण त्याचे क्लिनिक रुग्णालयाच्या आवारात, केसपेपरच्या रांगेपलीकडे. त्या रांगेत शेजारच्या काकू उभ्या असतील तर सतरा वर्षांची मुलगी पाय ठेवील का?

तुम्ही म्हणाल, फोन आहे. आहे, आणि त्याची किंमत मी जाणते. मुलांसाठीचा 1098 क्रमांक मुंबईतच 1996 साली सुरू झाला. मनाच्या आजारासाठी टेलीमानसचा 14416 ऑक्टोबर 2022 पासून अहोरात्र चालतो. हे क्रमांक प्रत्येक लिफ्टमध्ये लागले पाहिजेत. पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलायला कोपरा लागतो, तोच नसतो. एका मुलाने मला सांगितले होते की तो सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बोलायचा. मग सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप लावले. मुलांनी तिथे बसून सिगारेटी ओढू नयेत म्हणून.

घरातल्या मारहाणीचेही असेच. 1984 साली मुंबई पोलिसांत टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा समाजसेविकेची खुर्ची प्रथमच पोलिसांच्या इमारतीत गेली. आपल्याकडे महिला व मुलांसाठी पोलिसांचा भरोसा सेल काम करतो आहे, शहरात न्यायालयही आता आले आहे. पूर्वी तारखेसाठी ठाण्याला जावे लागायचे, ते बरेचसे वाचले. पण मारहाण होते रात्री. सकाळपर्यंत बाई कुठे थांबेल याची सोय जोवर शहरात दहा मिनिटांच्या अंतरावर नाही, तोवर ती सकाळी कामावर जाईल आणि तक्रार राहून जाईल.

यावर कुणी म्हणेल की बाई फार अवघड मागतात. म्हणून आपल्याच जिल्ह्यातले जुने काम आठवते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाई बालवाडी वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ आणि इतरांनी मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो, पण रेल्वेमार्ग आपलाच आहे. देशभरची अंगणवाडी योजना 1975 साली आली. तिने ताराबाईंकडून नाव घेतले, पद्धत मात्र तेवढ्या उत्साहाने घेतली नाही.

फार मागे जायचे नसेल तर पोलिओ आठवा. डोस रविवारी दिला, कारण रविवारी घर भरलेले असते. तरी जी मुले सुटतील त्यांच्यासाठी पथके रेल्वे स्थानकांवर, टोलनाक्यांवर, बांधकामांवर उभी राहिली. मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हेच आरोग्य खाते, याच आशाताई. जमते, याचा पुरावा आपल्याच कपाटात आहे.

मात्र इथे मला एक गोष्ट खडसावून सांगायची आहे, आणि ती समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. संध्याकाळची सेवा म्हणजे सकाळच्याच ताईला रात्री आठपर्यंत थांबवणे नव्हे. अंगणवाडीताई आणि आशाताईंनी मानधनासाठी गेल्या काही वर्षांत किती वेळा रस्त्यावर बसावे लागले ते आपण पाहिले आहे. त्यांनाही घर आहे, त्यांचीही मुले दुपारी एकटी असतात. वेळ बदलायची तर पाळी बदलायची, माणसे वाढवायची, आणि रात्री परतताना रिक्षाचे भाडे खात्याने द्यायचे. हे न करता काढलेल्या परिपत्रकाला माझा विरोध राहील. ते या सभागृहातल्या बायकांच्याच माथी मारले जाईल, हे मला चांगले ठाऊक आहे.

शिवाय सगळ्या शहराची संध्याकाळ एकच नाही. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत भांडी घासून चकचकीत करणारा कामगार रात्रपाळीचा असेल, तर त्याला गाठायची वेळ दुपारची. काशीमिऱ्याच्या महामार्गालगत रात्री काम करणाऱ्या बायका पहाटे घरी येतात. त्यांच्या मुलांना सांभाळायची गरज रात्री असते, आणि त्याबद्दल आपण सभ्यपणे गप्प बसतो. माशाचा पाडा, दाचकुल पाडा इथली आदिवासी कुटुंबे महापालिकेच्या हद्दीत असूनही वेळेपेक्षा वाटेने दूर आहेत. आणि उत्तन, पाली, चौकचे कोळी बांधव! होडी समुद्रात गेली की घरचा पुरुष कित्येक दिवस नाही. बाई मासळी घेऊन बाजारात. त्यांना मंगळवारी सकाळी अकराला पालकसभेला बोलावणे म्हणजे थट्टा आहे. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाप घरी. रक्तदाब, मधुमेह, दारू, मुलाची दहावीनंतरची वाट, सगळे बोलायला वर्षातले हेच दोन महिने. नेमके तेव्हा आपले खाते पावसाळी आजारांत गुंतलेले असते, हे खरे. तरी उत्तनसाठी वेगळे पथक याच दोन महिन्यांसाठी नेमता येईल. चर्चच्या सभागृहात जागा मागितली तर मिळेल, असा माझा अंदाज आहे.

खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडू इच्छिते, त्याला अनुमोदक हवा आहे. मिरा रोड आणि भाईंदर या दोन्ही स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर महापालिकेच्या ताब्यातली एकेक जागा एका वर्षासाठी संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ उघडी ठेवावी. तिथे समुपदेशक, परिचारिका आणि समाजसेवक यांची स्वतंत्र पाळी असावी. केसपेपर नसावा. बाहेर 'मानसिक आरोग्य' किंवा 'लैंगिक आरोग्य' अशी पाटी नसावी. कॅरमबोर्ड आणि वर्तमानपत्रे असावीत, म्हणजे आत जाणाऱ्याला कारण सांगावे लागणार नाही. पुढे पाठवलेल्या प्रत्येक मुलाबरोबर पहिल्या खेपेला केंद्रातले कुणीतरी जाईल, आणि दुसऱ्या खेपेला मूल पोचले की नाही याची नोंद ठेवली जाईल. वर्षअखेरीस आकडे याच व्यासपीठावर ठेवावेत. पडलेले असले तरी. ठरावाची प्रत नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात.