जुना फोन देऊन टाकण्याआधी



गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या सचिवताईंनी नवा मोबाइल घेतला. दुकानदार म्हणाला, "जुना इथंच द्या, तेवढे पैसे कमी करतो." ताईंनी सिम काढून घेतलं आणि फोन देऊन आल्या. घरी येऊन बघतात तर निम्मे नंबर गायब! कर्जफेडीच्या पानांचे फोटो नाहीत, व्हॉट्सॲपवरचे जुने निरोप नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो, तोवर जुना फोन पुसून झाला होता.

पुढच्या बैठकीत दोघींच्या हप्त्यांवरून वाद झाला. वहीचं पान पावसानं भिजलेलं आणि फोटोही गेलेला. सगळ्याजणींची पासबुकं समोर मांडून आम्ही संध्याकाळपर्यंत मेळ घातला. मेळ लागला, पण मनं दुखावली ती दुखावलीच. तेव्हापासून आम्ही काही गोष्टी शिकलो, त्या आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट गूगल खात्याची. नवा फोन चालू करताना ईमेल आणि पासवर्ड विचारतात. आपल्याला आठवत नाही, मग दुकानदार नवंच खातं काढून देतो आणि जुन्या खात्यातलं सगळं तिथंच राहतं. म्हणून आपला ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून घरी जपून ठेवा.

दुसरी गोष्ट नंबरांची. सिमवर साठवलेले नंबरच सिमबरोबर येतात. फोनमध्ये साठवलेले फोनमध्येच राहतात. नंबर गूगल खात्यात साठवले, की त्याच खात्यानं नवा फोन उघडल्यावर ते आपोआप दिसतात.

तिसरी व्हॉट्सॲपची. जुन्या फोनवर सेटिंगमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, तिथं बॅकअपचं बटण दाबा. फोटोही हवेत, म्हणून हे काम वायफायवर केलेलं बरं. नव्या फोनवर तोच नंबर आणि तेच गूगल खातं घाला. "रिस्टोअर" विचारलं की हो म्हणा. घाईत पुढं जाऊ नका.

बाकीचे फोटो आणि ॲप आणायला नवा फोन सुरुवातीलाच विचारतो, जुन्या फोनवरून घ्यायचं का? दोन्ही फोन चार्ज करून शेजारी ठेवा आणि हो म्हणा.

पैशांची ॲप मात्र नव्यानं जोडावी लागतात. त्यासाठी बँकेत दिलेल्या नंबरचं सिम नव्या फोनमध्ये हवं. पिन आपल्याच हातानं घाला. आलेला ओटीपी दुकानदाराला नाही, मदतीला आलेल्या भाच्यालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

आणि शेवटची, सगळ्यात मोलाची गोष्ट. जुना फोन आठ दिवस घरातच ठेवा. नव्या फोनवर गटाचे फोटो उघडतात का, सगळ्याजणींचे नंबर आहेत का, ते एकेक तपासा. खात्री झाली, की सिम आणि मेमरी कार्ड काढा, गूगल खातं काढा, फॅक्टरी रीसेट करा आणि मगच फोन विका. दुकानदार चार पैसे कमी देईल, देऊ दे.

आता आमच्या गटात हिशेबाच्या पानाचा फोटो सचिव आणि अध्यक्ष, दोघींच्या फोनमध्ये असतो. आणि वही? ती प्लास्टिकच्या पिशवीत. येत्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा, "बाई, तुझा पासवर्ड लिहून ठेवलास का?" फक्त विचारा, बघू नका.