कटल्याच्या शेजारी कोण?

जुन्नर-आंबेगावात पिकांसाठी खोदलेल्या शेततळ्यांत मासेही सोडता येतात. पण बोटुकली आणण्याआधी शेजार ठरवा.

कटला वरच्या थरात चरतो. त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात राहतो, मृगळ तळाचं कुजकं खाते. तिघांची ताटं वेगळी, म्हणून एका तळ्यात नांदतात. तळ्याला प्लॅस्टिक अंथरलं असेल तर तळाशी गाळ नसतो, तिथे मृगळ बेतानंच सोडा.

मरळ मात्र यांच्यात नकोच. तोंडात मावेल तो मासा ती गिळते. ओढ्याचं पाणी घेताना तिचं पिल्लू आत येऊ शकतं, म्हणून पाइपाला बारीक जाळी बांधा. मरळच पाळायची तर स्वतंत्र तळ्यात आणि एकाच मापाची. मोठी मरळ धाकटीलाही सोडत नाही. आफ्रिकन मांगूर तर पाळूच नका, त्यावर बंदी आहे.

तळ्यात मरळ शिरली का, हे संध्याकाळी काठावर शांत बसून पाहा. ती हवा घ्यायला वर येते. पाणी क्षणभर फुटतं आणि गोल तरंग उठतो.