शर्यतीचे इंजिन आणि चालकाचा जीव

मोटारशर्यतींचा मी जुना शौकीन. फॉर्म्युला वनमध्ये २०२६ साली नवे इंजिन आले. त्याची जवळजवळ निम्मी शक्ती विजेची. बरे झाले! पण इंजिन बदलले की जीव वाचतो, असे नव्हे. १९६१ साली वेग आवरण्यासाठी इंजिन अडीच लिटरांवरून दीडवर आणले. त्याच वर्षी इटलीत मोंझाला एक गाडी उसळून तारेच्या कुंपणावर गेली. चालक फॉन ट्रिप्स आणि १५ प्रेक्षक दगावले. २०१८ साली चालकाच्या डोक्यावर टायटॅनियमची कमान सक्तीची झाली. ग्रोजाँ आधी तिच्या विरुद्धच होता. २०२० मध्ये बहारीनला त्याची गाडी कठडा फोडून पेटली; त्या कमानीनेच त्याला तारले. म्हणून म्हणतो, आधी कठडा आणि कमान पाहा, इंजिन मागाहून.